कोरा जोड

१

ओल्या कपड्यांच्या वासात ज्याला रोज सकाळचा चहा प्यावा लागतो, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी करू नये. थंडी पडली की आमच्या घराला हाच वास. मागच्या खोलीत आडव्या काठीवर जॅकेट लटकलेलं, त्याखाली परात, परातीत टपटप. खिडकीत रद्दीचे बोळे कोंबलेले बूट. न्हाणीघरात चिखल. आणि मध्ये मी, हातात ब्रश घेऊन, धाकट्या भावाच्या नावानं बोटं मोडत.

आमचा धंदाच तसा आहे. डोंगरात चालवायच्या सायकलींचं सामान बनवणाऱ्या कंपन्या थंडीचा माल बाजारात आणण्याआधी आमच्याकडे पाठवतात. जॅकेट, हातमोजे, बुटांवर चढवायची कव्हरं, गुडघ्याचे पॅड, कधी मडगार्ड, कधी दिवे. भाऊ ते अंगावर चढवतो, दगडगोट्यांतून, दवातून, बोचऱ्या वाऱ्यातून हिंडून येतो आणि माझ्यापुढे काढून टाकतो. मग मी बघते. पाणी कुठून शिरलं, शिवण कुठं ताणली, चेन कुठं अडते, बोटं कधी बधिर झाली. मी मूळची शिवणकाम करणारी. कापडाशी माझं बरं जमतं, माणसांशी तेवढं नाही.

भावाला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून. आता चांगला दाढीवाला बाप्या झाला तरी ठरत नाहीच, आणि नावही सुटलं नाही.

या कामाचा एक नियम आहे. प्रत्येक वस्तू दोन मागवायच्या. एक राबती, एक कोरी. राबती भिंगरी वापरणार, कोरी कुणीही अंगाला लावायची नाही. ती कपाटात नुसती टांगून ठेवायची आणि शेवटी दोन्ही शेजारी मांडून फरक बघायचा. कारण नवं कसं होतं हे माणूस चार दिवसांत विसरतो. मग झिजलेल्यालाच नवं म्हणू लागतो. अदलाबदल होऊ नये म्हणून राबत्याच्या आत मी लाल दोऱ्याचा टाका घालते आणि कोऱ्याच्या आत पांढरा. गाठ माझी स्वतःची आहे. ती सोडवून पुन्हा तशीच मारणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

कोरे जोड मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात. त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांबरोबर, माझा एक राखाडी स्वेटर घडी घालून ठेवलेला आहे. मागच्या थंडीत भिंगरी डोंगरातल्या वरच्या वाटेवर सायकलवरून पडला आणि बरेच दिवस दवाखान्यात होता. तेव्हा त्याच्या पलंगाशी बसून मी एकाच लोकरीचे, एकाच मापाचे दोन स्वेटर विणले. दोन वेगळी मापं मोजण्याइतकं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. एक त्याला दिला. तो त्यानं कोपरं झिजेपर्यंत घातला, अजून घालतो. माझा मी कधी अंगाला लावला नाही. हातात घेतला तरी त्या खोलीतल्या औषधांचा वास येतो असं वाटतं.

तर त्या सकाळी मी कोरे हातमोजे तपासायला काढले. या कंपनीचा माल नुकताच आला होता आणि भिंगरी दोनचारदाच बाहेर जाऊन आला होता. पांढरा टाका जागच्या जागी होता. उजव्या तळव्यावर, ब्रेक धरतात तिथं, चिखल वाळला होता.

२

"हे काय आहे?" मी हातमोजा त्याच्या नाकापुढे धरला.

भिंगरी ओट्यावर बसून सायकलच्या साखळीला तेल देत होता. "हातमोजा."

"ते मलाही दिसतंय. कोरा आहे हा. याच्यावर चिखल कुठून आला?"

"मला काय माहीत? मी त्या कपाटाला हातसुद्धा लावत नाही. उघडलं की डांबराच्या गोळ्यांनी शिंका येतात मला."

"चोराच्या उलट्या बोंबा. घाईत चुकून हा चढवून गेलास आणि गुपचूप आणून टांगलास. कबूल कर आणि मोकळा हो."

"ताई, मी चिखल करून गुपचूप काही ठेवलंय असं आजपर्यंत एकदा तरी झालंय का?"

हे मात्र खरं होतं. भिंगरीचा चिखल दारातूनच हाका मारत येतो.

मी राबते हातमोजे आणून शेजारी ठेवले आणि माझी चिडचिड आणखीच वाढली. राबत्यांवरचा चिखल काळा होता. खालच्या झाडीतली माती काळी आणि भुसभुशीत आहे, आणि भिंगरी सध्या खालच्याच वाटेनं जात होता. कोऱ्यावरचा चिखल पिवळा होता. पिवळी माती फक्त वर, कड्याच्या बाजूला. त्या वाटेला पडल्यापासून तो गेला नव्हता. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

"वर गेला होतास?"

त्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. "नाही गेलो. गेलो असतो तर सांगून गेलो असतो. तुझ्याशी भांडूनच गेलो असतो."

मी हातमोजे उचलले. पण मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात दोऱ्यात अडकवली. भिंगरीनं बघितलं, हसला आणि म्हणाला, "तिजोरी झाली की."

पुढच्या दोन दिवसांत वारा सुटला. खालच्या वाटेवर झाडं आडवी झाली आणि वाट बंद पडली. भिंगरी मला सांगून, माझ्याशी भांडून, वरच्या वाटेनं गेला. परत आला तेव्हा गारठ्यानं ओठ निळे पडले होते आणि चेहरा मात्र लग्नघरासारखा. "ताई, जमलं. कड्यापर्यंत गेलो आणि सावकाश उतरलो. पाय कापले नाहीत."

मी त्याच्या हातातून हातमोजे ओढून घेतले. उजव्या तळव्यावर, ब्रेक धरतात तिथं, पिवळा चिखल होता. आकार तोच. एका बाजूला शेपटी निघालेली, तीसुद्धा तशीच.

३

मी काही घाबरट बाई नाही. घरात पाल निघाली तर भिंगरी खुर्चीवर चढतो आणि झाडू मी घेते. मी स्वतःला समजावलं की चिखलाला काय, कुठलाही आकार येतो. पिवळी माती वाऱ्यानं आली असेल. खिडकीची फट आहे, कपाटाच्या दाराला फट आहे. फटींची काय कमी आहे या घरात?

मग बुटाच्या कव्हराची टाच फाटली. कोऱ्याची.

कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पांढरा टाका शाबूत. डाव्या कव्हराच्या टाचेला बोटभर फाट होती आणि तिच्या कडांना काळं तेल लागलेलं. कव्हर साखळीत अडकलं की अशीच फाट पडते, अशा फाटी मी अनेकदा शिवल्या आहेत. पण हे कव्हर साखळीच्या जवळपाससुद्धा गेलेलं नव्हतं. मी राबतं कव्हर आणून बघितलं. धड होतं.

मी ते घेऊन पुढच्या खोलीत आले. काय बोलणार? भिंगरी बाहेर निघाला होता. मी फक्त म्हटलं, "डाव्या टाचेकडे लक्ष ठेव. साखळीत जाईल."

"आकाशवाणी झाली का?" तो म्हणाला आणि गेला.

आला तो लंगडत, एका हातात कव्हर घेऊन. "तुझी जीभ काळी आहे, ताई. चढावर अडकलं. पडता पडता राहिलो." डावी टाच, बोटभर फाट, कडांना तेल.

मग मी त्याला कपाट उघडून दाखवलं. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवली. त्यानं दोन्ही फाटी जुळवून बघितल्या, एकदा पांढऱ्या टाक्याला हात लावून बघितला, आणि नंतर त्याला जे सुचलं ते असं.

"मग प्रश्नच मिटला. मी घरी झोपतो, तू कपाट उघडून कंपनीला कळव. माल झिजतोय म्हणावं, आपोआप."

"भिंगरी, मी चेष्टा करत नाहीये."

"मग काय करू? हा माल कच्चा असेल. एकाच ठिकाणी शिवण कमजोर, म्हणून दोन्ही तिथंच फाटली."

हे पटण्यासारखं होतं. मला ते पटवून घ्यायचंही होतं. तेल कसं लागलं, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

कंपनीच्या माणसाला मी नमुनेवाले म्हणते, कारण ते नमुने पाठवतात आणि स्वतःही एक नमुनाच आहेत. त्यांना फोन लावला. कोरा माल आधी कुणी वापरलेला असू शकतो का, असं विचारलं. झालं, हात दाखवून अवलक्षण.

"मॅडम, माल सीलबंद आला होता ना तुमच्याकडे?"

"हो, पण..."

"मग तुमच्याकडेच काहीतरी गोंधळ आहे. आणि खरं सांगू का, गोंधळ आम्हाला परवडत नाही. तुमच्या भावाबद्दल इथं आधीच दोन मतं आहेत. मोडलेला माणूस पुन्हा उभा राहतो का, हेच सगळे बघतायत. या आठवड्यात कडाक्याची थंडी येतेय. त्या थंडीत जॅकेट वरच्या वाटेवर टिकलं पाहिजे. माणूसही टिकला पाहिजे. मग त्याला कायमचा चालवणारा म्हणून घ्यायला मी मोकळा."

फोन ठेवला तेव्हा भिंगरी दारात उभा होता. नमुनेवाल्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो, त्यानं सगळं ऐकलं होतं. "कायमचा" एवढा एकच शब्द त्याच्या कानात शिरलेला दिसत होता.

४

कडाक्याची थंडी खरंच आली. सकाळी अंगणातल्या बादलीवर पापुद्रा धरला होता आणि नळातून पाणी येईना. मी कपाट उघडलं. रोज उघडायचं नाही असं ठरवूनही मी रोज उघडत होते. दुखऱ्या दातावर जीभ जावी तसा हात किल्लीकडे जायचा.

कोरं जॅकेट हँगरवर नव्हतं. कपाटाच्या तळाशी गळून पडलं होतं. उचललं तर दोन हातांत दोन तुकडे आल्यासारखं झालं. ते समोरून कापलेलं होतं.

फाटलेलं नाही, कापलेलं. फाटलेल्याला दशा असतात. हे कात्रीनं, खालच्या काठापासून वर कॉलरपर्यंत, चेनच्या बाजूबाजूनं घेतलेलं होतं. चेनचे दात कात्री खराब करतात, म्हणून जाणता माणूस चेनला बगल देतो. छातीपाशी एका ठिकाणी कात्री क्षणभर अडली होती आणि तिथं काठाला लहानसा दात पडला होता. मग पुन्हा सरळ. आत, कॉलरमध्ये, माझा पांढरा टाका.

मी खालीच बसले. असं कापलेलं जॅकेट मी याआधी एकदा बघितलं आहे. मागच्या थंडीत, दवाखान्यात, एका बाईनं माझ्या हातात पिशवी दिली होती. त्यांचे कपडे, म्हणाली. त्या पिशवीत भिंगरीचं जॅकेट होतं, खालून वर कापलेलं. हाडं मोडलेल्या माणसाचे हात बाहीतून काढत बसत नाहीत, कपडे कापूनच काढतात. एवढं साधं आहे ते. पण मला ते घरी आणल्यावर, शिवायला घेतल्यावर कळलं. वेड्यासारखी मी ते शिवायला बसले होते.

ओट्यावरून शिट्टीचा आवाज येत होता. भिंगरी टायरमधली हवा कमी करत होता. गारठलेल्या दगडावर चाक घसरू नये म्हणून.

मी बाहेर गेले. "आज जाऊ नकोस."

"आज नाही, उद्या जायचंय. आज नुसती तयारी."

"उद्याही जाऊ नकोस."

त्यानं वर बघितलं. मी त्याला जॅकेट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यानं आणखी एक कारण शोधलं असतं. तो कारणं शोधण्यात पटाईत आहे आणि मी ती मानण्यात.

"का?"

"मी सांगते म्हणून."

"ताई," तो सावकाश म्हणाला, "मागचं वर्षभर मी पलंगावरून खिडकीतला रस्ता बघितलाय. तू समोर बसून विणत होतीस. तुझं काहीतरी पुरं होत होतं, माझं काहीच होत नव्हतं. आता कुणीतरी म्हणतंय की हा उभा आहे का बघू. आणि तू म्हणतेस, बसून राहा."

"जॅकेटच नसेल तर जाशील का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जॅकेटसाठीच तर जायचं. जॅकेट नसेल तर कशाला मरायला जाऊ?" आणि हसून त्यानं पुन्हा चाकावर डोकं घातलं.

तेवढं एक वाक्य मी उचललं.

५

सकाळी तो दात घासायला गेला तेव्हा मी राबतं जॅकेट काठीवरून काढलं, टेबलावर पसरलं आणि माझी मोठी कात्री घेतली.

मनात हिशोब अगदी सरळ होता. कोऱ्यावर जे दिसतं ते राबत्यावर होतं. चिखल दिसला, चिखल झाला. फाट दिसली, फाट पडली. काप दिसला आहे, तर काप पडणारच. पण तो दवाखान्यातच पडला पाहिजे असं कुणी सांगितलंय? मी आत्ताच पाडते. म्हणजे जे व्हायचं ते होऊन जाईल, आणि माझा भाऊ न्हाणीघरात दात घासत असेल.

खालच्या काठाला कात्री लावली. या जॅकेटचं कापड कापताना मोठा कर्रकर्र आवाज होतो, भिंतीपलीकडे जाईल असा. चेनला बगल देत मी वर गेले. एवढं कष्टानं तपासलेलं कापड, प्रत्येक शिवण मला पाठ, आणि मी ते उभं चिरत होते. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. नमुनेवाल्यांचा राग, कपाटाचा राग, या मुलाचा राग, जो आणखी एक थंडी धड बसू शकत नव्हता. कॉलरपर्यंत पोचले आणि कात्री खाली ठेवली.

भिंगरी टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता.

तो ओरडेल अशी माझी तयारी होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं टेबलाकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला मी पलंगावरच बरा वाटतो," तो म्हणाला.

"भिंगरी, ऐक. कोरं जॅकेट..."

"नको. कपाटाचं काही सांगू नकोस मला."

तो आत गेला. दार लागलं. मी टेबलापाशी बसून राहिले. पण कुठंतरी मोकळंही वाटत होतं. रुसू दे. दोन दिवस बोलणार नाही, मग भूक लागली की बोलेल. नमुनेवाल्यांना सांगेन की चूक माझी, जॅकेटचे पैसे मी देते, भावाला दोष देऊ नका. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाची माफी मागायला इतकी तयार होते. मी उठून चहा ठेवला. दोन कप ठेवला.

बाहेरचं फाटक वाजलं. पाय मोकळे करायला गेला असेल, म्हटलं. जाऊ दे, वारा लागला की डोकं थंड होईल.

चहा उकळेपर्यंत मी कपाटातून कोरं जॅकेट आणलं. दोन्ही काप शेजारी ठेवावेत असं वाटलं. सवयच ती. शेवटी दोन्ही शेजारी मांडून फरक बघायचा.

फरक नव्हता. खालच्या काठापासून कॉलरपर्यंत रेघ न् रेघ तीच. आणि छातीपाशी, चिकटपट्टीच्या जाड शिवणीवर, माझी कात्री अडली होती. मला ते तेव्हा जाणवलंही नव्हतं. तिथं काठाला लहानसा दात पडला होता. कोऱ्यावर होता तोच, तिथंच.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बघितलं.

म्हणजे कोऱ्यावर दिसला होता तो माझाच काप. दवाखान्यातला नव्हे. माझी कात्री, माझा हात, माझी घाई. त्या जॅकेटनं आधीच सांगून ठेवलं होतं की ही बाई टेबलावर पसरून मला कापणार आहे. बाकी काहीच सांगितलं नव्हतं. भावाच्या पडण्याबद्दल एक अक्षर नव्हतं त्यात.

मला हसू आलं. खरंच आलं. एवढा आटापिटा आणि शेवटी आपल्याच सावलीला काठी मारली. मी हसतच त्याला हाक मारली, "भिंगरी, इकडे ये, तुला गंमत दाखवते." तो घरात नाही हे हाक मारल्यावर आठवलं.

मग मी ओट्यावर गेले. सायकल नव्हती.

६

जॅकेटशिवाय तो जाणार नाही असं मी धरून चालले होते. त्यानंच तसं म्हटलं होतं. पण ते भांडणाआधी म्हटलं होतं.

मी त्याच्या खोलीत गेले. हातमोजे नव्हते, गुडघ्याचे पॅड नव्हते. टाच शिवलेलं कव्हर नव्हतं. दाराच्या मागच्या खुंटीवर त्याचा राखाडी स्वेटर रोज असतो. खुंटी रिकामी होती.

स्वेटर घालून गेला. मनात पहिली गोष्ट आली ती चिडचिडीचीच. बावळट कुठला, या गारठ्यात लोकर, ओली झाली की शेरभर पाणी धरेल.

दुसरी गोष्ट मनात यायला तास उलटला; तोवर मी उतू गेलेला चहा पुसला, फाटकापर्यंत दोनदा जाऊन आले. आली तेव्हा मी पुन्हा त्या खुंटीपुढे होते.

एकाच लोकरीचे. एकाच मापाचे. एक राबता आणि एक कोरा.

मागच्या खोलीत जॅकेटखालच्या परातीत अजून टपटप चालू होती, काठीवर काहीच नसताना. नळ सुटला असेल. नळ त्या खोलीत नाही, हे मला माहीत होतं, पण ते मी तेव्हा बाजूला ठेवलं. कपाट उघडंच होतं. मी वरच्या फळीवर हात घातला. डांबराच्या गोळ्या गडगडत खाली पडल्या.

स्वेटरची घडी मी घातली होती तशीच होती. मी तो खाली घेतला. थंड होता, आणि जड. जमिनीवर बसून मांडीवर घेतला आणि घडी उलगडली.

कोपरं झिजलेली होती. दोन्ही. मी कधी न घातलेल्या स्वेटरची कोपरं, आरपार दिसेल इतकी विरलेली. म्हणजे हे आधीपासूनच चाललं होतं. सगळं वर्षभर, माझ्या डोक्यावरच्या फळीवर. बाहीवर पिवळा चिखल होता आणि तो ओला होता.

समोरून तो उघडा पडला.

लोकर कापताना आवाज होत नाही. जॅकेटसारखी ती ओरडत नाही, एकेक धागा गप्प सुटत जातो. काप खालच्या काठापासून वर गळ्यापर्यंत गेलेला होता. टाके अजून ओघळत होते. मी बोटांनी ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. विणणाऱ्या बाईचा हात तेच करतो, टाका सुटला की आधी धरतो. माझी कात्री पुढच्या खोलीत टेबलावर होती. ती मला इथून दिसत होती.

मी फोन लावला. वाजत राहिला. बंद झाला. पुन्हा लावला.

उचलला गेला.

"भिंगरी? कुठं आहेस? आहेस तिथंच थांब, उतरून चालत ये. ऐकतोयस ना? मी चुकले, तू म्हणशील ते करू, फक्त सायकलवरून उतर."

पलीकडे वारा होता. बरेच लोक होते. मग एक अनोळखी आवाज आला, धापा टाकत, पण सौम्य.

"यांच्या फोनवर ताई असं नाव दिसतंय. तुम्ही यांच्या बहीण का?"

मी हो म्हणाले.

"एक मिनिट हं, फोन ठेवू नका." त्यानं तोंड बाजूला वळवलं असावं, कारण पुढचं तो माझ्याशी बोलला नाही. "चेन शोधू नकोस. स्वेटर आहे तो, चेन नाही त्याला. खालून सरळ वर घे."

मी मांडीवर बघितलं. सरळच घेतलेला होता.